बॉक्सर म्हातारा कधी होतो?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या वेळी निवडलेले सगळे प्रश्न जव्हार-मोखाडा भागातले आहेत आणि एकाच विषयावर आहेत : खेळाडूचं, विशेषतः बॉक्सरचं वय. म्हणून उत्तरंही एकत्र देत आहोत.

प्रश्न : आमच्या आश्रमशाळेतल्या मुलांनी माइक टायसन आणि जेक पॉल यांच्या लढतीच्या चित्रफिती मोबाइलवर पाहिल्या. टायसनचा एवढा दरारा होता, मग तो इतका संथ का दिसतो, असं मुलं विचारतात. बॉक्सर नक्की कितव्या वर्षी उतरणीला लागतो?
– एक क्रीडाशिक्षक, मोखाडा तालुका

उत्तर : आधी त्या लढतीचे आकडे पाहू. टायसन २२ नोव्हेंबर १९८६ रोजी हेवीवेट गटाचा जगज्जेता झाला तेव्हा तो २० वर्षांचा होता. त्या गटातला सर्वांत तरुण विजेता हा मान आजही त्याचाच आहे. १५ नोव्हेंबर २०२४ रोजी अमेरिकेतल्या आर्लिंग्टन इथे तो जेक पॉलसमोर उभा राहिला तेव्हा त्याचं वय ५८ होतं आणि पॉलचं २७. लढत आठ फेऱ्यांची होती, फेरी नेहमीच्या तीनऐवजी दोन मिनिटांची होती आणि ग्लोव्ह्ज नेहमीपेक्षा जड होते. एवढी सवलत असूनही सोळा मिनिटांत टायसनने ९७ ठोसे फेकले आणि त्यांतले फक्त १८ लागले. पॉलने २७८ फेकून ७८ लावले. मुलांना जो संथपणा दिसला तो हाच.

आता मूळ प्रश्न. वय शरीरातून सगळं एकदम नेत नाही. त्याला एक क्रम असतो, आणि रिंगमध्ये जीव वाचवणाऱ्या गोष्टी या क्रमात सर्वांत आधी येतात.

पहिला नंबर प्रतिसादाच्या वेगाचा. डोळ्यांनी काही दिसल्यावर हात हलायला तरुण, निरोगी माणसालाही सेकंदाचा पाचवा ते चौथा भाग लागतो. हाताच्या अंतरावरून सुटलेला सरळ ठोसा त्याहून लवकर तोंडावर येतो. म्हणजे सुटलेला ठोसा पाहून चुकवणं खरं तर कोणालाच शक्य नसतं. चांगला बॉक्सर समोरच्याचा खांदा, कंबर आणि पुढचा पाय यांवरून ठोसा सुटण्याआधीच ओळखतो आणि डोकं हलवायला लागतो. विशीच्या मध्यानंतर ही साखळी अगदी थोडी थोडी मंदावते. रोजच्या जगण्यात तिशीतल्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. रिंगमध्ये मात्र तेवढ्या फरकाने निसटता ठोसा नेमका हनुवटीवर बसतो.

दुसरा नंबर पायांचा. झटक्यात जोर लावणारे स्नायूंचे तंतू वयाबरोबर बारीक होतात. त्यांना हुकूम देणाऱ्या काही चेतापेशीही हळूहळू कमी होतात. त्यामुळे आत शिरून ठोसा मारणं आणि उत्तर येण्याआधी बाहेर निघणं, ही ये-जा जड होते. अनुभवी प्रशिक्षक बॉक्सरच्या हातांआधी पायांकडे बघतात ते यासाठीच.

तिसरा नंबर दमाचा. जोरात धावताना हृदयाचे ठोके जास्तीत जास्त किती वाढू शकतात, ती मर्यादा दर वर्षी साधारण एकाने खाली येते. शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता तिशीनंतर दर दहा वर्षांत सुमारे १० टक्के घटते. नियमित सराव करणाऱ्यांत ही घट कमी असते, पण ती थांबत नाही.

चौथी गोष्ट प्रेक्षकांना दिसत नाही : भरून येण्याचा वेळ. विशीतला खेळाडू आज जबर सराव करून उद्या सकाळी पुन्हा उभा राहतो. पस्तिशीत त्याच सरावाला दोन-तीन दिवसांची विश्रांती लागते. मग सराव कमी होतो, आणि सराव कमी झाला की आधीच्या तिन्ही गोष्टी आणखी वेगाने जातात.

ठोशाचा जोर सगळ्यांत शेवटी जातो. तो शरीराचं वजन, कमरेची फिरत आणि वर्षानुवर्षं घोटलेलं तंत्र यांतून येतो, आणि ही तिन्ही चाळिशीतही टिकतात. बॅगवर मारणारा चाळिशीचा बॉक्सर म्हणूनच जबरदस्त वाटतो. बॅग उलटून मारत नाही, एवढाच काय तो फरक.

वर्षांत सांगायचं तर बहुतेक बॉक्सर २३ ते ३० या दरम्यान सर्वोत्तम असतात. भारताला बॉक्सिंगमध्ये ऑलिंपिक पदक मिळवून दिलेल्या तिघांची वयं पाहा : विजेंदर सिंग २००८ साली बीजिंगला २२ वर्षांचा होता, मेरी कोम २०१२ साली लंडनला २९ वर्षांची आणि लवलिना बोर्गोहाईन टोकियोला २३ वर्षांची. वजनगटानेही फरक पडतो. ४८-५१ किलोच्या गटात सगळी मदार वेगावर असते, म्हणून तिथे वय लवकर दिसतं. हेवीवेटमध्ये एका ठोशाने निकाल लागू शकतो, म्हणून तिथले बॉक्सर जास्त वर्षं टिकतात. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये महाराष्ट्राचे मनोज पिंगळे ५१ किलो गटात आणि शाहूराज बिराजदार ५४ किलो गटात खेळले. आपल्या डोंगराळ भागातली मुलं अंगाने हलकी, चपळ असतात. ती बहुधा याच गटांत उतरतील. त्यांना चांगली वर्षं थोडी मिळतात, हे त्यांनी आणि त्यांच्या शिक्षकांनी पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवायला हवं.

प्रश्न : माझे आजोबा सत्तरीच्या आसपास आहेत. अजून डोक्यावर मोळी घेऊन डोंगर चढतात. आवणीच्या दिवसांत दिवसभर चिखलात वाकलेले असतात, आम्ही तरुण त्यांच्याआधी थकतो. मग पस्तिशीतला बॉक्सर म्हातारा कसा?
– महाविद्यालयीन विद्यार्थी, जव्हार

उत्तर : तुमच्या आजोबांचं उदाहरण या विषयाच्या मुळाशी नेणारं आहे. आपल्या स्नायूंत दोन मुख्य प्रकारचे तंतू असतात. एक प्रकार सावकाश काम करतो, पण तासन् तास करतो. दुसरा झटक्यात प्रचंड जोर लावतो आणि काही सेकंदांत थकतो. मोळी घेऊन चढ चढणं, आवणी करणं, लांबून पाणी आणणं, ही सगळी पहिल्या प्रकारच्या तंतूंची कामं. हे तंतू वयाला चांगले पुरून उरतात आणि रोज वापरात असले तर सत्तरीतही साथ देतात. वय आधी दुसऱ्या प्रकारच्या तंतूंवर हात टाकतं, आणि बॉक्सरचं सगळं कौशल्य त्यांच्यावर उभं असतं. आजोबांना चढावर एकेक पाऊल आपल्या चालीने टाकता येतं. बॉक्सरची चाल समोरचा ठरवतो.

जागतिक विक्रमांतही हा फरक दिसतो. उसेन बोल्टने १०० मीटर ९.५८ सेकंदांत पार केले तेव्हा, ऑगस्ट २००९ मध्ये, तो २२ वर्षांचा होता. केनियाच्या एलिउड किपचोगेने सप्टेंबर २०२२ मध्ये बर्लिनला मॅरेथॉनचा विश्वविक्रम केला तेव्हा तो ३७ वर्षांचा होता. दोघेही धावपटूच, पण एकाचा खेळ झटक्याचा आणि दुसऱ्याचा दमाचा.

आपल्या शेजारचं उदाहरण कविता राऊतचं. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाड्याची ही मुलगी. तो डोंगर, तो पाऊस आणि ती नागली मोखाड्याच्या लोकांना सांगायला नको. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत तिने १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं आणि त्याच वर्षी ग्वांगझू आशियाई स्पर्धेत रौप्य. तेव्हा ती २५ वर्षांची होती. २०१६ साली, वयाच्या ३१ व्या वर्षी, ती रिओ ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावली. लांब पल्ल्याच्या धावपटूला वय वाढेल तसं अंतर वाढवून खेळात राहता येतं. बॉक्सरला अशी वाट नाही. उलट तरुणपणी सहज राखलेलं वजन तिशीनंतर उतरवणं कठीण होतं आणि तो वरच्या गटात, अधिक भारी माणसांसमोर ढकलला जातो.

आजोबांच्या दमात आणखी एक मोठी गोष्ट आहे : त्यांच्या डोक्यावर मोळी बसली, ठोसे बसले नाहीत. बॉक्सरच्या वयातला हा हिशेब पुढच्या उत्तरांत येईल.

प्रश्न : मेरी कोमने तर पस्तिशीत जगज्जेतेपद मिळवलं. टीव्हीवर जॉर्ज फोरमन पंचेचाळिसाव्या वर्षी जिंकल्याचं ऐकलं. मग उतारवयाचं हे सगळं कितपत खरं?
– एक वाचक, खोडाळा

उत्तर : दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. ही माणसं वयाला अपवाद ठरली ती कशाच्या जोरावर, ते नीट पाहिलं की नियमच अधिक स्पष्ट होतो.

मेरी कोमने नोव्हेंबर २०१८ मध्ये दिल्लीला ४८ किलो गटात युक्रेनच्या २२ वर्षांच्या हॅना ओखोटाला ५-० असं हरवून सहावं जागतिक सुवर्ण मिळवलं. त्याआधीची पाच सुवर्णपदकं २००२, २००५, २००६, २००८ आणि २०१० सालची. २००७ मध्ये तिला जुळी मुलं झाली आणि पुढच्याच वर्षी ती पुन्हा जगज्जेती झाली. तिसऱ्या मुलानंतर २०१४ मध्ये तिने आशियाई स्पर्धेचं सुवर्ण जिंकलं. दिल्लीच्या अंतिम लढतीत अनुभव तिच्या कामी आला. अंतर कधी ठेवायचं, कधी तोडायचं आणि कोणता ठोसा गुण मिळवून देतो, हे तिला समोरचीपेक्षा किती तरी जास्त ठाऊक होतं. हौशी लढत तीन मिनिटांच्या तीन फेऱ्यांची असते. नऊ मिनिटांत अनुभव पायांची उणीव भरून काढू शकतो.

पण तिथेही सीमा आली. जुलै २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला, वयाच्या ३८ व्या वर्षी, ती कोलंबियाच्या इनग्रित व्हॅलेन्सियाकडून २-३ अशी निसटती हरली. २०२२ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेच्या निवड चाचणीत तिचा गुडघा दुखावला. आंतरराष्ट्रीय हौशी बॉक्सिंगमध्ये वरची वयोमर्यादा पूर्वी ३४ होती, २०१३ पासून ती ४० झाली. मेरी कोमला थांबवलं ते शेवटी याच मर्यादेने.

फोरमनची गोष्ट वेगळी. तो जानेवारी १९७३ मध्ये २४ व्या वर्षी जगज्जेता झाला, १९७७ मध्ये खेळ सोडून धर्मप्रचारक बनला आणि दहा वर्षांनी परतला. ५ नोव्हेंबर १९९४ रोजी ४५ व्या वर्षी तो २६ वर्षांच्या मायकेल मूररसमोर उतरला. नऊ फेऱ्या तो गुणांवर स्पष्टपणे मागे होता. त्याचे पाय संथ होते, ठोसे चुकवणं जमत नव्हतं. दहाव्या फेरीत त्याचा उजवा हात मूररच्या हनुवटीवर बसला आणि लढत संपली. सर्वांत शेवटी जाणारी गोष्ट, म्हणजे ठोशाचा जोर, त्याच्याकडे शिल्लक होती, आणि हेवीवेटमध्ये तेवढी पुरते. यात त्या दहा वर्षांच्या सुट्टीचाही मोठा वाटा मानावा लागतो, कारण त्या काळात त्याच्या डोक्यावर एकही ठोसा बसला नव्हता.

सर्वांत मोठ्या वयाचा जगज्जेता हा फोरमनचा विक्रम मोडणारा बर्नार्ड हॉपकिन्स २०११ मध्ये ४६ व्या वर्षी आणि पुन्हा २०१३ मध्ये ४८ व्या वर्षी जगज्जेता झाला. त्याचा खेळ काटकसरीचा होता : थोडे ठोसे, अंतरावर पक्का ताबा, धोका दिसताच समोरच्याला बांधून ठेवणं. खाणं, झोप आणि वजन यांची शिस्त त्याने बारमाही पाळली. तरीही डिसेंबर २०१६ मध्ये, ५१ व्या वर्षी, शेवटच्या लढतीत तो दोरांतून रिंगबाहेर फेकला गेला.

याच्या उलट टोकाला रॉय जोन्स. तरुणपणी त्याच्याइतके विजेसारखे हात क्वचितच कोणाचे होते. बचावासाठी हात वर ठेवायचीही त्याला गरज वाटत नसे, कारण प्रतिसादाचा वेगच त्याचा बचाव होता. २००३ मध्ये तो वजन वाढवून हेवीवेट विजेता झाला आणि मग वजन उतरवून जुन्या गटात परतला. मे २००४ मध्ये, ३५ व्या वर्षी, अँटोनियो टार्व्हरने त्याला दुसऱ्याच फेरीत आडवा केला. वेग थोडासा ओसरला, आणि वेगाखाली दुसरा बचाव त्याने बांधलाच नव्हता.

आपल्या जवळ, गोव्यात, हेच चित्र दिसलं. विजेंदर सिंग २०१५ मध्ये व्यावसायिक झाला आणि ओळीने १२ लढती जिंकला. मार्च २०२१ मध्ये पणजीला एका जहाजावर उभारलेल्या रिंगमध्ये तो रशियाच्या आर्तिश लोप्सानशी लढला. विजेंदर ३५ वर्षांचा, समोरचा २६ वर्षांचा आणि त्याच्याहून उंच. करोनाच्या काळामुळे विजेंदर वर्षाहून जास्त काळ रिंगपासून दूर होता. पाचव्या फेरीत पंचांनी लढत थांबवली आणि त्याचा व्यावसायिक कारकिर्दीतला पहिला पराभव नोंदला गेला. पंचविशीत पडलेला खंड भरून काढता येतो. पस्तिशीत तो बहुतेकदा भरून निघत नाही.

प्रश्न : मी १९ वर्षांची आहे, शाळेपासून कबड्डी खेळते. पोलीस भरतीची तयारी करताना बॉक्सिंगची आवड लागली. सगळे म्हणतात, आता उशीर झाला. लहानपणी घरात खाण्याचीही ओढाताण होती. मला अजून काही करता येईल का?
– एक वाचक, जव्हार तालुका

उत्तर : उशीर झालेला नाही, हे आधी स्पष्ट सांगते. अमेरिकेचा डिऑन्टे वाइल्डर वयाच्या २० व्या वर्षी पहिल्यांदा बॉक्सिंगच्या हॉलमध्ये गेला आणि तीन वर्षांच्या आत, २००८ मध्ये, ऑलिंपिक कांस्यपदक घेऊन आला. पुढे तो हेवीवेट जगज्जेताही झाला. मेरी कोमसुद्धा शाळेत मैदानी खेळ खेळायची. १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत मणिपूरच्या डिंको सिंगने सुवर्ण जिंकल्यावर तिला बॉक्सिंगची ओढ लागली, आणि २००१ च्या पहिल्या महिला जागतिक स्पर्धेत ती रौप्य जिंकून आली. कबड्डीतलं झेप घेणं, पाय मागे खेचणं, समोरच्याच्या हालचालीचा अंदाज घेणं, हे सगळं रिंगमध्ये थेट उपयोगी पडतं. उशिरा येणाऱ्याची एक बाजू तर लवकर येणाऱ्यापेक्षा भक्कम असते : त्याच्या डोक्यावर अजून ठोसे बसलेले नसतात.

आता खाण्याविषयी. शरीर कणगीसारखं असतं. साधारण पंचविशी-तिशीपर्यंत तिच्यात हाडं आणि स्नायू भरले जातात, पुढे आयुष्यभर त्यातूनच खर्च होतो. भरताना कणगी अर्धी राहिली तर खर्च लवकर जाणवायला लागतो. जन्माच्या वेळी वजन कमी असलेल्या माणसांची मोठेपणी हाताची पकड सरासरीने कमी भरते, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. जव्हार-मोखाड्याला हे आकड्यांनी सांगण्याची गरज नाही. १९९२-९३ मधले वावर-वांगणीचे बालमृत्यू या भागाने सोसलेले आहेत. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांतल्या मुलांचं खाणं आणि शाळा दोन्ही कसं तुटतं, हे इथल्या प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत मिळणारा अमृत आहार, आश्रमशाळेतलं अंडं आणि डाळ या गोष्टींकडे म्हणूनच क्रीडाविकास म्हणूनही पाहायला हवं. चाळिशीतल्या खेळाडूचे पाय या ताटातून घडतात.

तुमच्या हातात अजून बरीच वर्षं आहेत. या वयात पोटभर आणि योग्य खाल्लं, जोर लावणारा व्यायाम केला, तर मागची तूट बरीचशी भरता येते. नागलीतून कॅल्शियम मिळतं. उडीद, तूर, हरभरा, अंडी, सुकी मासळी आणि दूध यांतून प्रथिनं मिळतात. हे पदार्थ एकाच जेवणात न संपवता दिवसभरात वाटून खा. वजनगटासाठी उपाशी राहणं किंवा पाणी तोडणं तुम्ही करू नका. तुमचं सहज राहणारं वजन ज्या गटात बसतं त्याच गटात खेळा. पोलीस भरतीसाठी करत असलेलं धावणं चालू ठेवा, त्याला दोरीवरच्या उड्या आणि छोट्या अंतराच्या जोरदार धावा जोडा. पहिले काही महिने नुसते पाय, अंतर आणि बचाव शिका. रॉय जोन्सकडे जे नव्हतं, ते तुम्ही पहिल्याच वर्षी कमवा.

प्रश्न : माझा मुलगा शहरात राहून बॉक्सिंग शिकतो. अभिमान वाटतो, पण डोक्याला मार बसतो याची धास्तीही वाटते. थांबायची वेळ झाली हे कसं ओळखायचं?
– एक पालक, मोखाडा

उत्तर : तुमची धास्ती रास्त आहे, आणि हा या सगळ्यांतला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे.

मुहम्मद अलीचं आयुष्य या प्रश्नाचं सर्वांत बोलकं उदाहरण आहे. तो २५ वर्षांचा असताना, १९६७ मध्ये, सैन्यभरतीला नकार दिल्यामुळे त्याच्यावर बंदी आली. १९७० मध्ये तो परतला. बंदीआधीच्या अलीला ठोसा लावणं अवघड होतं, कारण त्याचे पाय त्याला जागेवर सापडू देत नव्हते. परतलेल्या अलीचे पाय जड झाले होते, पण ठोसे सोसूनही उभं राहता येतं हे त्याला समजलं. पुढच्या मोठ्या विजयांची किंमत त्याने याच सोसण्याने चुकवली. १९७४ मध्ये किन्शासात फोरमनचे ठोसे, १९७५ मध्ये मनिलात फ्रेझरसोबत १४ फेऱ्या. २ ऑक्टोबर १९८० रोजी ३८ व्या वर्षी तो लॅरी होम्ससमोर उतरला. लढतीआधीच्या वैद्यकीय तपासणीत एका पायावर उड्या मारताना तो अपेक्षेइतका चपळ नसल्याची नोंद झाली होती, तरी परवाना मिळाला. दहाव्या फेरीनंतर त्याच्या प्रशिक्षकाने लढत थांबवली. १९८४ मध्ये त्याला पार्किन्सनचं निदान झालं. त्या आजारात ठोशांचा वाटा किती, यावर डॉक्टरांमध्ये मतभेद आहेत. डोक्यावर वारंवार बसणाऱ्या मारामुळे मेंदूला कायमची इजा होते, यावर मात्र मतभेद नाहीत. हॅरिसन मार्टलंड या अमेरिकी डॉक्टरांनी बॉक्सरांमधली ही लक्षणं १९२८ मध्येच वैद्यकीय नियतकालिकात मांडली होती.

कवटीच्या आत मेंदू थोडासा हलू शकतो. ठोशाने डोकं झटक्यात फिरतं तेव्हा मेंदू मागे राहून ताणला जातो. हेडगार्डने कातडी फाटायची वाचते, मेंदूचं हे हलणं थांबत नाही. तरुण मेंदू एका धक्क्यातून सावरतो. तो पूर्ण सावरायच्या आत दुसरा धक्का बसला तर इजा साठत जाते. वय वाढलं की सावरणं मंदावतं आणि त्याच वेळी, वर सांगितल्याप्रमाणे, ठोसे चुकवणंही कमी होतं. म्हणून बॉक्सरचं खरं वय जन्मदाखल्यापेक्षा खाल्लेल्या ठोशांवरून मोजावं. सरावात खाल्लेले ठोसेही त्यात धरावेत, कारण बहुतेक बॉक्सर लढतींपेक्षा सरावातच जास्त मार खातात. तिशीत स्वच्छ डोक्याचा बॉक्सर तरुण असू शकतो, आणि दहा वर्षं रोज जोरात भिडणारा पंचविशीचा मुलगा म्हातारा.

थांबण्याची वेळ खेळाडूला स्वतःला सर्वांत शेवटी कळते, कारण ठोशाचा जोर टिकून असल्याने त्याला आपण पूर्वीसारखेच आहोत असं वाटतं. म्हणून आजूबाजूच्यांनी लक्ष ठेवायचं. पूर्वी चुकवत असलेले ठोसे आता लागू लागले, हलक्या ठोशानेही पाय लटपटले, बोलणं अडखळलं, डोकेदुखी किंवा चिडचिड वाढली, झोप बिघडली, नावं आठवेनाशी झाली, यांतलं एकही दिसलं तरी भिडण्याचा सराव थांबवून मेंदूतज्ज्ञांना दाखवा.

मार लागून मुलगा क्षणभर जरी बेशुद्ध झाला किंवा गोंधळला, तर त्या दिवशी त्याला पुन्हा रिंगमध्ये सोडायचं नाही. अशा माराने लढत थांबली तर हौशी बॉक्सिंगच्या नियमांतही किमान ३० दिवसांची सक्तीची विश्रांती आहे. उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी, एका डोळ्याची बाहुली मोठी होणं, यांतलं काहीही दिसलं तर उद्याची वाट पाहू नका. मुलगा गावी आलेला असेल तर जव्हारच्या कुटीर रुग्णालयात किंवा जवळच्या ग्रामीण रुग्णालयात लगेच न्या आणि पुढे पाठवायला सांगितलं तर रात्रीसुद्धा नाशिकचा रस्ता धरा. घाटातल्या दोन-अडीच तासांचा विचार करून थांबणं अशा वेळी जिवावर बेततं.

मुलाच्या प्रशिक्षकाला तीन गोष्टी विचारा. आठवड्यात डोक्यावर ठोसे घेणारा सराव किती होतो? मार लागल्याची नोंद कोण ठेवतं? आणि मुलाने 'आज नको' म्हटलं तर त्याला भित्रा म्हटलं जातं का? चांगला प्रशिक्षक या तिन्ही प्रश्नांची सरळ उत्तरं देतो. उत्तरं टाळणाऱ्याकडे मुलगा ठेवू नका.

मोखाड्याच्या क्रीडाशिक्षकांनाही हेच सांगणं आहे. तुमच्या मुलांना बॉक्सिंग जरूर शिकवा. हा खेळ हिंमत देतो, शिस्त देतो, आणि हलक्या अंगाच्या मुलांना यात मोठी संधी आहे. पण लहान वयात दोरी, धावणं, बॅग, पॅड आणि पायांची चाल यांवरच भर द्या, डोक्यावर मारण्याचा सराव शक्य तितका पुढे ढकला. प्रत्येक मुलासाठी एक साधी वही ठेवा. तिच्यात त्याचं वजन, उंची आणि डोक्याला लागलेला प्रत्येक मार तारखेसह लिहा. मूल पुढच्या शाळेत किंवा अकादमीत गेलं तर ती वही त्याच्यासोबत पाठवा. त्याने कधी थांबायचं, हा निर्णय घेणाऱ्या डॉक्टरला आणि प्रशिक्षकाला त्याच्या पदकांपेक्षा त्या वहीचा उपयोग जास्त होईल.